प्रशिकच्या जागी

प्रशिक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या आईला, प्रेमिलाला, घरात बसवेना. नवरा अंकुश कन्हानकडच्या कोळसा खाणीत. त्याची पाळी सारखी बदलायची. ती स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स. घरी आली की पर्स खांद्याला तशीच लटकवून खोल्यांमधून फिरायची. ओटा पुसायची, थोड्या वेळानं पुन्हा पुसायची. असंच एका संध्याकाळी तिनं प्रशिकच्या पलंगाखालून त्याची इलेक्ट्रिक गिटार ओढून काढली. तिकडे एका खोलीत चौघं राहणार, म्हणून तो ती इथंच ठेवून गेला होता.

पुसता पुसता तिनं ती मांडीवर घेतली आणि सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला. तेवढ्यात दारात नंदिनी उभी. प्रशिकच्या बँडमध्ये ती गायची आणि बास गिटार वाजवायची; त्याच्याकडे राहिलेली गिटारची वायर न्यायला आली होती.

"काकू, बोट इथं ठेवा. दुसरं इथं. बाकीच्या तारा दाबूच नका. ही झाली कॉर्ड. आता मारा."

प्रेमिलानं मारलं. नंदिनी वायर न घेताच गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्याच आठवड्यात प्रेमिलानं विचारलं, "तुमच्या तिकडे मी येऊ काय वं?"

तिकडे म्हणजे सक्करदऱ्याला, दुर्गेशच्या घराच्या वरच्या खोलीत, जिथं बँडचा सराव चालायचा. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. दुर्गेश ड्रम वाजवायचा. त्यांची गाणी पॉप पंक म्हणतात तसली: तीन-चार कॉर्डची, पळत सुटलेली, गळा फाडून म्हणायची. गिटारनं फक्त मागून रेटा द्यायचा. ऐकायला सोपं. पण हात सारखा वरून खालीच मारायचा, आणि तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा. एका गाण्यात प्रेमिलाचा दंड भरून यायचा. आणि दुखायला लागलं की ती हळू व्हायच्या ऐवजी पळायचीच.

दुर्गेश काठ्या खाली ठेवायचा. "काकू, पोलीस मागं लागले काय?"

एके दिवशी नंदिनीनं तिला अख्खी संध्याकाळ एकच कॉर्ड वाजवायला लावली. प्रेमिलाला रडायला आलं. उठून निघून जावं, असं तिला चारदा वाटलं. मग केव्हातरी दुर्गेशचा ड्रमच्या पेडलवरचा पाय आणि तिचा हात एकाच वेळी पडला. पुन्हा पडला. छातीत धक्का बसल्यासारखं झालं. तिनं वर पाहिलं तर दुर्गेश हसत होता.

पुढं धरमपेठेतल्या एका कॅफेत शनिवारी त्यांचा कार्यक्रम ठरला. आणि गुरुवारी प्रशिक न सांगता घरी आला.

"काहून आला गा मधातच?"

"करमून नाही राहिलं तिकडे." जेवताना त्यानं नंदिनीशी बोलणं झाल्याचं सांगितलं. "तू वाजवून राहिली म्हणे. चांगलं आहे. शनिवारी मी आहोच आता."

प्रेमिलानं त्याच्या ताटात भात वाढला. पोरगा वाळला होता. 'हो बेटा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"शनिवारी मी वाजवन," ती म्हणाली.

"मम्मी, मजाक करून राहिली काय? लोक हसतील."

"हासू दे."

"गिटार माझी आहे."

"आहेच ना. शनिवारपर्यंत दे."

तो जेवण अर्धं सोडून उठला. तिनं त्याला थांबवलं नाही. त्याचं ताट मात्र झाकून ठेवलं.

शनिवारी तो आला, पण काउंटरला टेकून उभा राहिला. पहिल्या गाण्यात प्रेमिला पळालीच. दुर्गेशनं डोळे वटारले, तिनं खांदे सैल सोडले. दुसरं गाणं जमलं. समोरची पोरं उड्या मारायला लागली. तिसऱ्यात, नंदिनी ओरडून गात असताना, प्रेमिला पुढची कॉर्ड विसरली. तीच ती कॉर्ड मारत राहिली. नंदिनी मागं वळून बघायला लागली.

"पाचवा!" मागून कुणीतरी बोंबललं. "मम्मी, पाचवा फ्रेट!"

तिचा हात पाचव्या पट्टीवर सरकला. गाणं निघालं.

परत येताना प्रशिक स्कूटरवर मागं बसला होता. सिग्नलला गाडी थांबली. तसा तो म्हणाला, "लय जोरात मारते तू. तार तुटली असती."

"तुटली तर नाही ना."

"मले राग आला होता, मम्मी. आताही आहे थोडा."

"राहू दे मग."

रविवारी बंगळुरूची गाडी पकडताना त्यानं गिटार खांद्याला अडकवली. या वेळी तिकडेच ठेवीन, म्हणाला. प्रेमिलाचा हात गिटारच्या बॅगेकडे गेला. पण वस्तू त्याची होती. तिनं बॅगेची चेन नीट लावून दिली.

सोमवारी दवाखाना सुटल्यावर तिनं नंदिनीला सोबत घेतलं आणि ती सीताबर्डीतल्या वाद्यांच्या दुकानात गेली. एक काळी गिटार मांडीवर घेतली, ठेवली. लाल घेतली. तेवढ्यात प्रशिकचा फोन आला.

"दुकानात आहेस? नंदिनीनं मेसेजवर सांगितलं. गिटारची मान जाड वाटून राहिली काय हातात?"

"थोडी."

"मग ती नको घेऊ. दुकानदाराले दुसरी दाखवा म्हण. आणि वाजवून पाहा आधी, रंगावर नको जाऊ."

"फोन ठेव तू," प्रेमिला म्हणाली. "दोन्ही हात लागतात याले."