तोंडी शब्दावर रंगवलेले घर

टलीडो शहरात शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्डेल मेबरीला बावन्नाव्या वर्षी पहिले स्वतःचे घर मिळणार होते. हाताशी फारशी पुंजी नसणाऱ्यांसाठी सरकार ज्या गृहकर्जाचा विमा उतरवते, ते तिला मंजूर झाले होते. मात्र अशा कर्जात घरही सरकारी कसोटीला उतरावे लागते. पाहणीला आलेल्या गृहस्थाने खिडकीच्या चौकटीवरचा पोपडा नखाने उडवला आणि लिहिले: जुन्या रंगात शिसे असते, खरवडून नवा रंग द्यावा, मग पुन्हा पाहू.

घर विकणारे वोइचिक वृद्ध, एकटे. शिडी चढणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा व्हर्डेलनेच काम अंगावर घेतले. धाकटा भाऊ क्लीओफस ब्रश घेऊन आला खरा, पण हातापेक्षा त्याचे तोंडच अधिक चाले.

"दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करायला बोलावलंस होय मला?"

"घोडा माझाच आहे. तू वरची चौकट घे."

एप्रिलचा गारठा हटेना. गारठ्यात रंग धरत नाही, म्हणून आठवडा वाया गेला, आणि खरेदीच्या कराराची मुदत तर शुक्रवारी संपत होती. घराचा व्यवहार पाहणाऱ्या पेटिफर्डबाईंनी दोनदा बजावले, मुदतवाढीच्या कागदावर वोइचिकांची सही घेच. कागद व्हर्डेलच्या पिशवीत होता. परंतु वोइचिक रोज दुपारी दोघांना स्वयंपाकघरात बसवीत, कॉफी देत, खसखशीचा केक कापीत आणि म्हणत, "घर तुझंच आहे, पोरी." ज्याच्या टेबलाशी बसून खाल्ले त्याच्यापुढे कागद सरकवणे म्हणजे त्याला तोंडावर खोटा ठरवणे, अशी तिला वडिलांची शिकवण होती. कागद पिशवीतच राहिला.

सोमवारी पाहणीचे गृहस्थ पुन्हा आले, चौकटींवरून हात फिरवला आणि घर पसंत केले. व्हर्डेल लगबगीने ते सांगायला गेली, तर वोइचिक दारातच उभे राहिले. शनिवारी एक गिऱ्हाईक आले होते; कर्ज नाही, पाहणी नाही, सगळे रोख. मुदत संपलीच आहे, सही करून टाका, असे त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले, आणि त्यांनी ती केली होती. व्हर्डेलने तिथूनच पेटिफर्डबाईंना फोन लावला. त्यांनी एवढेच विचारले, की तो कागद कुठे आहे.

"तुम्ही रोज म्हणत होतात, घर तुझंच म्हणून," व्हर्डेल म्हणाली.

"म्हणत होतो. मनापासून म्हणत होतो." वोइचिक तिच्याकडे पाहत नव्हते. "पण तू लिहून कधी मागितलंच नाहीस."

"मागितलं असतं तर दिलं असतंत?"

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "हो. लगेच दिलं असतं."

नाही म्हणाले असते, तर तिला निदान त्यांच्यावर चिडता आले असते.