गेटपर्यंतचं पाणी

मोरीतलं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं, तेव्हा मनोरमा जयचे लंगोट धूत होती. आधी नुसताच गुडगुड आवाज झाला, मग जाळीतून एक काळपट बुडबुडा फुटला आणि तिच्या पावलांना गार लागलं. तिने नळ बंद केला. पाणी यायचं काही थांबलं नाही.

सत्त्याण्णव सालचा मार्च होता. आखातात, दुबईजवळच्या अजमानमध्ये दोन दिवस पाऊस नुसता ओतत होता आणि शाळांना सुट्टी दिली होती. जुन्या वस्तीतल्या त्या दुमजली घरात खाली मनोरमा, तिचा नवरा धनंजय आणि आठ वर्षांची मुलगी इशिता राहायचे. वर मैमुनाबी राहायच्या, मुलगा-सुनेसोबत; ती दोघं दिवसभर नोकरीवर असायची. त्या दापोलीकडच्या, साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या. नोकरी करणाऱ्या आयांची मुलं मनोरमा दिवसभर सांभाळायची. त्या दिवशी तिच्याकडे तिघं होती. दहा महिन्यांचा जय, चार वर्षांची मिहिका आणि सहा वर्षांचा तनिष.

आदल्या वर्षीही पाणी आलं होतं, पण घोट्याएवढंच. गालिचा तेवढा भिजला. तरी मनोरमाने धसका घेतला होता. तिची मोठी बहीण रुपाली ऑस्ट्रेलियात एका नदीकाठच्या गावात राहायची. तिथे दर दोन-चार वर्षांनी नदी घरात शिरायची. रुपालीने फोनवर तिला बजावलं होतं, "मनू, पाणी आल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. आमच्याकडे सगळं कोरड्या दिवशी ठरवतात. आधी काय उचलायचं, कोणाला फोन करायचा, आणि मुख्य म्हणजे काय सोडून द्यायचं. आणि पाण्याखालची जमीन कालच्यासारखीच असेल असं कधी धरून चालायचं नाही."

मनोरमाने एका कागदावर हे सगळं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. एका पिशवीत टॉर्च, दुधाची पावडर आणि नायलॉनची जाड दोरी भरून ठेवली होती. धनंजय हसला होता. "आपण वाळवंटात राहतो, मनू. तू होडी पण विकत घेशील आता."

आता तो जेबेल अलीत ऑफिसात होता, दोन तासांवर. ती हात कोरडे करत पॅसेजमध्ये आली. लाकडी स्टुलावर चढून तिने मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला. मग गॅसचा रेग्युलेटर बंद केला.

"इशू, तनिष, मिहिका, चपला घाला. वर जायचंय, मैमुनाबींकडे."

"मम्मी, व्हॉट अबाउट माय प्रोजेक्ट?" इशिताने विचारलं. जेवणाच्या टेबलावर तिचा पुठ्ठ्याचा किल्ला होता, आठवडाभर खपून केलेला.

"राहू दे."

"बट मम्मी..."

"राहू दे म्हटलं ना!"

आपला आवाज एवढा चढेल असं तिला वाटलं नव्हतं. इशिता टेबलापासून मागे सरली. तिने मिहिकाचा हात धरला.

वर जायचा जिना बाहेरून होता, अंगणातून. दार उघडलं तसं चहाच्या रंगाचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. अंगणात ते पोटरीपर्यंत होतं. दारापासून जिना चार पावलांवर, भिंतीला लागूनच. तिने जयला कडेवर घेतलं आणि मुलांना भिंत धरून एकेक करून वर चढवलं. मैमुनाबी वरच्या पायरीवर हात पुढे करून उभ्या होत्या.

"दे, दे बाळाला. तू परत खाली जाऊ नकोस गं."

"पासपोर्ट आणायचेत. लगेच येते."

ती दोन फेऱ्या करून आली. पासपोर्ट, पिशवी, जयच्या बाटल्या. तिसऱ्या फेरीला शिवणयंत्राशी पाऊल थबकलं. ते उचलायला दोन माणसं लागली असती. कागदावर सोडायच्या वस्तूंमध्ये शिवणयंत्र पहिलं होतं. तिने एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि दार ओढून घेतलं.

वर आल्यावर तिने मैमुनाबींच्या फोनवरून धनंजयला गाठलं.

"मी निघतोच आहे," तो म्हणाला.

"नको. शारजात रस्ते बुडालेत, बाजूच्या भाभी सांगत होत्या. तू ऑफिसातच थांब."

"अगं, तुम्ही एकट्या..."

"आम्ही वर आहोत, कोरड्या आहोत. तू गाडी पाण्यात घातलीस तर मला आणखी एका माणसाची काळजी. थांब म्हटलं तर थांब, धनंजय."

मग तिने मुलांच्या आई-वडिलांना फोन केले. जयची आई रडवेली झाली, पण थांबायला कबूल झाली. तनिषच्या वडिलांनी दोनदा थँक्यू म्हटलं. मिहिकाचे वडील गुणवंत उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथला फोन कोणीतरी उचलला आणि म्हणाला, "वो तो निकल गया, मॅडम."

"आंटी, लुक!" बाल्कनीतून तनिष ओरडला. "द चेअर इज स्विमिंग!"

मनोरमा धावत गेली. अंगणात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची हळूहळू गिरक्या घेत गेटकडे चालली होती. 

या वस्तीत तेव्हा गटारं नव्हती. प्रत्येक घराच्या अंगणात मैल्याची टाकी असायची आणि दर पंधरवड्याला टँकर येऊन ती उपसायचा. सकाळी इमारतीचा वॉचमन अहमद पहार घेऊन आला होता. पावसाचं पाणी टाकीत उतरावं म्हणून त्याने तिचं लोखंडी झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. मनोरमाने खिडकीतून हटकलं, "अरे, बच्चे है इधर!" तेव्हा त्याने खूण म्हणून भोकावर ती खुर्ची ठेवली. "खलास, बाजी, अभी कोई नहीं गिरेगा." मग तो पलीकडच्या इमारतीचा पंप बघायला गेला. मनोरमानेही मान डोलावली होती. खुर्चीला दगड बांध, असं काही तिला सुचलं नव्हतं.

आता टाकी भरली होती. सगळं अंगण एकाच रंगाचं, सपाट दिसत होतं. टाकी साधारण मधोमध, लिंबाच्या कुंडीच्या अलीकडे. पण कुंडीही आता जागेवर नव्हती.

"कोणीही खाली जायचं नाही," ती म्हणाली. "कोणीही. समजलं?"

तिघांनी माना हलवल्या.

साडेबाराच्या सुमाराला गेटशी हाक ऐकू आली. गुणवंत होते. पॅंट मांडीपर्यंत भिजलेली, शर्ट अंगाला चिकटलेला. गाडी त्यांनी मोठ्या रस्त्यावर उंचवट्यावर सोडली होती. मनोरमा बाल्कनीतून ओरडली, "तिथेच थांबा! टाकी उघडी आहे!" पण पावसाच्या आवाजात त्यांना फक्त हात हलताना दिसला. ते कंपाउंडच्या भिंतीला हात लावत लावत, कडेकडेने जिन्यापाशी आले. मनोरमा कठड्यावरून वाकून त्यांचं एकेक पाऊल बघत होती.

ते पायऱ्या चढून वर आले तशी मिहिका त्यांच्या पायांना बिलगली.

"चल बेटा, यल्ला. वहिनी, हिला घेऊन जातो. हिची आई हॉस्पिटलात ड्युटीवर आहे, तिकडून फोन करकरून तिने माझं डोकं खाल्लंय. अजून तासाभराने मोठा रस्ताही बंद होईल."

"भाऊजी, आज नका नेऊ. अंगणातल्या टाकीचं झाकण काढलेलं आहे. कुठे आहे ते दिसत नाहीये."

"आत्ता त्याच वाटेने आलो ना मी?"

"तुम्ही भिंतीने आलात. नशीब."

"मग भिंतीनेच जाईन. खांद्यावर घेतो तिला."

"बाहेर गल्लीत पण टाक्या आहेत. त्यांची झाकणं काढलीत की नाही, मला माहीत नाही. पाणी उतरू दे. मिहिका जेवली आहे, खेळते आहे. तुम्हीही थांबा."

गुणवंतांचा चेहरा लाल झाला. "वहिनी, तुम्ही सांभाळता, उपकार आहेत. पण मुलगी माझी आहे."

त्यांनी मिहिकाला उचललं. मनोरमा जिन्याच्या दारात आडवी उभी राहिली. आयुष्यात कोणा परक्या पुरुषासमोर ती अशी उभी राहिली नव्हती. पण ती हलली नाही.

"बाजूला व्हा."

"न्या," ती म्हणाली. "तुमची मुलगी आहे, न्या. पण आधी तिला इथे ठेवून एकदा एकटे गेटपर्यंत जाऊन या. ही काठी घ्या, पाऊल टाकायच्या आधी पुढे टोचा. तुम्ही धड परत आलात तर मी अडवणार नाही."

मैमुनाबींनी आतून मॉपची काठी पुढे केली. गुणवंतांनी काठीकडे पाहिलंही नाही. मिहिकाला खाली ठेवलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत ते उतरले.

"भिंतीने जा!" मनोरमा ओरडली.

रागात माणूस वळणाने जात नाही. ते सरळ निघाले, गेटच्या दिशेने, ढांगा टाकत. मागे वळून त्यांनी हात पसरले, बघा, असं म्हटल्यासारखे. आणखी दोन पावलं टाकली. आणि ते नाहीसे झाले.

आवाजही झाला नाही. पाणी फक्त एकदा गोल फिरलं. मग त्यातून दोन हात वर आले, कोपरं कशाला तरी अडकली आणि डोकं दिसलं. टाकीच्या कडेवर ते कोपरांनी लटकले होते. पाणी हनुवटीला लागत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि खोकला आला.

"इशू, मुलांना आत ने! दार लाव!"

मनोरमाने पिशवीतली दोरी काढली. एक टोक जिन्याच्या कठड्याला, दुसरं आपल्या कमरेला.  मध्ये बरीच दोरी मोकळी सोडून, काठी घेऊन ती पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. टोचायचं, पाऊल टाकायचं. टोचायचं, पाऊल टाकायचं. दहा-बारा पावलांचं अंतर, पण संपेना.

"वहिनी, हात सुटतोय," गुणवंत म्हणाले. आता आवाज अगदी लहान होता.

"नाही सुटणार. बोलू नका, तोंड वर ठेवा."

काठीचं टोक एकदम खाली गेलं. कड सापडली. ती तिथेच गुडघ्यांवर बसली, तसं पाणी तिच्या छातीला लागलं. दोरीचा मोकळा भाग तिने त्यांच्या एका काखेखालून घातला, पाठीमागून फिरवून दुसऱ्या काखेतून काढला. वास असा होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आता मी मागे जाऊन ओढणार. मी ओढलं की पायांनी भिंत रेटा."

पण तिच्या एकटीच्या ओढण्याने काही होईना. दोरी ताणली जायची आणि पुन्हा ढिली पडायची. दुसऱ्यांदा ओढताना तिचा पाय घसरला.

तेवढ्यात मागून दोरीला हिसका बसला. तिने वळून पाहिलं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कमरेपर्यंत पाण्यात, मैमुनाबी बसल्या होत्या. गेले आठ महिने ज्या जिना उतरल्या नव्हत्या, त्या बसून एकेक पायरी घसरत खाली आल्या होत्या. दोरी त्यांनी मनगटाला गुंडाळली होती आणि पाय कठड्याच्या गजाला लावले होते.

"मनोरमा, माझ्याबरोबर! होडी ओढतात तशी. हां... ओढ!"

तिसऱ्या ओढीला गुणवंतांची छाती कडेवर आली. चौथ्या ओढीला ते बाहेर पडले आणि चारी हातापायांवर, दोरी धरून, जिन्याकडे सरपटत आले.

तिघं पायऱ्यांवर धापा टाकत बसली. गुणवंतांच्या दोन्ही नडग्या सोलवटल्या होत्या. दात वाजत होते. वरचं दार किलकिलं झालं आणि मिहिकाचं डोकं बाहेर आलं.

"पपा, व्हाय आर यू सो डर्टी?"

गुणवंत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या खांद्याला हात लावला, जिथे ती बसली असती. आणि ओंजळीत तोंड घालून ते रडायला लागले.

चार वाजता पाऊस थांबला. अहमद टँकर घेऊन आला, झाकण बसवलं, मनोरमासमोर कान पकडले. दुसऱ्या दिवशी दुपारी धनंजय घरी पोचला. खाली सगळीकडे बोटभर चिखल होता. शिवणयंत्राची मोटर पाणी शिरून बाद झाली होती. इशिताचा किल्ला टेबलावर जसाच्या तसा उभा होता, पाणी तिथवर चढलंच नव्हतं.

रात्री चिखल काढता काढता मनोरमा मध्येच थांबली.

"मी त्यांना पाठवलं, धनंजय. एकटे जा असं मी म्हटलं."

"तू मुलीला वाचवलंस."

"ते आता कळतंय. त्या क्षणी मी फक्त त्यांना हरवायला बघत होते."

धनंजयने हातातली बादली खाली ठेवली. त्याने तिच्या हातातला झाडू घेतला.

शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी सकाळी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. नडग्यांना पट्ट्या बांधलेले गुणवंत मिहिकाला घेऊन दारात उभे होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिल्याचं त्यांनी सांगितलं. मग नजर चपलांकडे गेली.

"वहिनी, मी त्या दिवशी जे बोललो..."

"मीही बोललेच की."

"नाही, तसं नाही. तुम्ही दारातून बाजूला झाला असतात तर..."

"भाऊजी, तेच मला रोज रात्री दिसतं," मनोरमा म्हणाली. "आणि तुम्ही पण दिसता, बुडताना. दोन्ही दिसतं."

गुणवंतांनी मान वर केली. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मिहिका कधीच आत पळाली होती आणि तनिषशी एका गाडीवरून भांडत होती. मनोरमाने तिची डब्याची पिशवी हातात घेतली.

"वर मैमुनाबींना भेटून जा," ती म्हणाली. "त्यांचे गुडघे फार सुजलेत. काल विचारत होत्या, तो ओला माणूस बरा आहे का म्हणून."

ते जिन्याकडे वळले आणि कठडा घट्ट धरून, एकेक पायरी बघत चढू लागले.