सुहासिनीबाईंची खुर्ची आणि ती शबनम

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि मत्सरी आहे. दुसरी गोष्ट आधीच कबूल केलेली बरी, मित्रांनो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला.

शनिवार पेठेतल्या एका सुताराने मला घडवलं. पंच्याहत्तर सालच्या सुमारास मी पुण्यातल्या बाल न्यायालयाच्या खोलीत आले. तिथे आरोपीचा पिंजरा नव्हता. एक लांब टेबल, पलीकडे मॅजिस्ट्रेटसाहेब आणि अलीकडे मी. माझ्यावर बसायच्या प्रोबेशन ऑफिसर सुहासिनीबाई. मुलाने काय केलं ते पोलीस सांगत. ते मूल कुठल्या घरातून आलं, त्याला कोण सांभाळील, घरी पाठवावं की संस्थेत, हे बाई सांगत. त्यांच्या अहवालाशिवाय साहेबांचं पान हलत नसे. मी मनात म्हणायची, हा मान माझा!

पण बाई माझ्यावर बसायच्या किती? आठवड्यातून दोन सकाळी. एरवी त्यांच्या खांद्यावर ती खादीची शबनम पिशवी. ती मंडईत जायची, मुलांच्या घरी जायची, शाळेत मास्तरांना भेटून यायची. मी मात्र भिंतीकडे तोंड करून. तिला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या उजव्या हाताचा एक खिळा वर आला होता. शिपायाने तो कधी ठोकला नाही, आणि खरं सांगू का, मलाही तो हवाच होता.

एकदा शहजादीचं प्रकरण आलं. वय तेरा. तिची आई जुबेदा घरी शिवणकाम करायची. नारायण पेठेतून कॉलर उलटवायला आलेल्या एका शर्टाच्या खिशात घड्याळ राहिलं होतं. पोरीने ते दोन दिवस हातात मिरवलं आणि मग भीतीने पिठाच्या डब्यात लपवलं. घड्याळाच्या मालकाने तक्रार केली. आठ दिवस ती रिमांड होममध्ये होती, आणि सोमवारपासून तिची वार्षिक परीक्षा होती.

तारखेला साहेब आले तशा बाई उठल्या, शबनम माझ्यावर ठेवून. बसताना त्यांनी ती ओढली आणि मी तिला खिळ्याने घट्ट धरलं. टर्रकन शिवण उसवली! काय आनंद झाला म्हणून सांगू! पण त्या भोकातून शहजादीचा अहवाल घसरला तो माझ्या सैल गादीखाली. बाई नेमक्या त्याच्यावरच बसल्या.

साहेबांनी अहवालासाठी हात पुढे केला. बाईंनी शबनम उलटी केली, झटकली.

"साहेब, सकाळी मीच ठेवला होता. तोंडी सांगते."

"तोंडी मला घरी बरंच ऐकायला मिळतं, बाई. कागद नाही तर निकाल नाही. पुढची तारीख महिन्याने. तोवर मुलगी रिमांड होममध्येच."

"अहो साहेब, तिचं वर्ष बुडेल हो!" जुबेदा कळवळली.

टेबलासमोर उभी असलेली शहजादी मटकन खाली बसली. बाई झटकन उठल्या आणि त्यांनी तिला माझ्यावर बसवलं.

ती इतकी हलकी होती की मला माझीच लाज वाटली. आधाराला तिने गादीची कड धरली आणि बोटांना कागद लागला. कोपरा ओढून पाहते तर वर तिचंच नाव. आत काय लिहिलंय हे तिला काय ठाऊक? तिच्या नावाचे आजवरचे सगळे कागद तिच्या विरुद्धच होते. कुणाचं लक्षही नव्हतं. तो परत आत ढकलणं अगदी सोपं होतं.

तिने तो बाहेर काढला.

"बाई, हे तुमचं. माझं नाव आहे त्याच्यावर."

साहेबांनी कागद घेतला, आधी पोरीकडे पाहिलं आणि मग तो वाचला.

"आईच्या ताब्यात द्यावी आणि वर्षभर तुमची देखरेख, असंच लिहिलंय ना, बाई?"

"हो, साहेब."

"मग आज घरी जाऊ दे."

पुढच्या आठवड्यात शबनम आली ती जुबेदाच्या हिरव्या टाक्यांनी शिवलेली, पहिल्यापेक्षा देखणी. मी जळले. अजूनही थोडी जळते.

आता बाई निवृत्त झाल्या आणि मी अडगळीत पडले आहे. वेत फाटलाय, त्याचं एवढं नाही. पण मित्रांनो, कुठे जुनी खुर्ची दिसली आणि तिचा खिळा वर आलेला असला, तर तेवढा ठोकून घ्या. ती आपण होऊन सांगणार नाही. मीही सांगितलं नव्हतं.