सरसाच्या भांड्याखालची काडी

बुधवार पेठेतल्या अल्लाबक्षकडून दुरुस्त होऊन गेलेलं वाद्य पुन्हा तक्रार घेऊन परत आलं, असं कधी झालं नव्हतं. निदान तो तसं सांगे, आणि सांगताना मिशीवर हात फिरवी. तंबोरे करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे लोकही मान डोलवत.

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, एका दसऱ्यानंतर, पेशव्यांच्या तोफखान्यातला म्हातारा इनास बैलगाडीत घालून एक अजब वाद्य घेऊन आला. पुरुषभर उंच, उभ्यानं वाजवायची फिरंगी सारंगी. त्याच्या बापानं ती वसईच्या फिरंगी देवळात वाजवलेली. आता तोफखान्यातल्या ख्रिस्ती लोकांना नागझरीच्या ओढ्यापलीकडे प्रार्थनेची जागा मिळाली होती.

"नाताळात वाजवायची आहे," इनास म्हणाला. "पुढच्या नाताळाला मी असेन की नाही, कोण सांगणार?"

सारंगीच्या पाठीवर चढवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा ओल लागून फुगला होता आणि कडेला कांद्याच्या सालीसारखा सुटून आला होता. अल्लाबक्षनं आधी तारा उतरवल्या. त्या सैल होताच आत काहीतरी खडखडलं. सारंगी आडवीतिडवी करून त्यानं ते पोटाच्या भोकातून बाहेर काढलं. बोटभर जाड, वीतभर लांब, साधी काडी. तंबोऱ्याच्या पोटात काही नसतं. तेव्हा ही कुणा आळशी कारागिराची आत राहिलेली घाण, असं त्यानं ठरवून टाकलं.

"बघ, लोक कसली कामं करतात," असं बायकोला, हुस्नबानूला, म्हणत त्यानं ती काडी लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखाली जाळात सारली.

मग महिनाभर तो राबला. पापुद्र्याखाली ऊन सरस सोडला, वर गरम वाळूच्या पिशव्या ठेवल्या, जिथं लाकूड गेलं होतं तिथं शिसवीचे तुकडे असे बसवले, की नखाला सांधा लागू नये. पाठ अशी झाली, की जाणारे-येणारे थांबून बघत.

इनास न्यायला आला तेव्हा दुकानात माधवबुवा गवई आपल्या तंबोऱ्यासाठी बसले होते. इनासनं गज तारेवर ओढला. आवाज आला तो रिकामी कणगी बडवल्यासारखा. त्यानं पुन्हा ओढला, मग गज खाली घेतला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला.

"काम सुरेख केलंस, अल्लाबक्ष," तो म्हणाला. "माझे हातच गेले."

अल्लाबक्षचं लक्ष तारा पेलणाऱ्या घोडीकडे गेलं. घोडीखालची फळी किंचित दबली होती. आणि त्याला आठवलं, काडी काढताना आत डोकावलं होतं, तेव्हा वरच्या आणि खालच्या फळीवर समोरासमोर दोन गोल, स्वच्छ डाग दिसले होते. तारा सैल होईपर्यंत काडी तिथं उभी होती. दोन्ही फळ्यांच्या मध्ये, सगळा भार आणि सगळा सूर अंगावर घेऊन. तोंड उघडायचं तर तेव्हाच उघडायचं होतं. पण समोर माधवबुवा बसले होते, आणि तीस वर्षांची मिशी होती. तो गप्प राहिला. इनासची गाडी गेली.

आठ दिवस त्याला अन्न गोड लागेना. तंबोऱ्याच्या घोडीची जवारी घासायला बसला, की कानस हातातच राही. शेवटी हुस्नबानू म्हणाली, "अहो, त्या ताटानं तुमचं काय वाकडं केलंय?"

त्यानं सगळं सांगितलं.

"मग हे मला का सांगताय?" ती म्हणाली. "ती सारंगी मी वाजवते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं नवी काडी तासली आणि नागझरी ओलांडून इनासचं घर गाठलं. उंबऱ्यातच उभं राहून त्यानं काडी कशी जाळली ते सांगितलं. लाजेनं त्याचे कान तापले होते. इनास दारातून बाजूला झाला. तारा उतरवून, काडी दोऱ्यानं बांधून, तारेच्या आकड्यानं सरकवत अल्लाबक्षनं ती आत उभी केली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा उभी राहिली, तेव्हा दुपार झाली होती. त्यानं तारा चढवल्या.

"बाबा, गज आणता का?"

"गज काल चुलीत घातला," इनास म्हणाला.

अल्लाबक्ष खालीच बसला.

"हात गेल्यावर ठेवून काय करायचा? दुसऱ्याच्या हातात बघवला नसता."

"मी नवा करून देतो. नाताळाच्या आत."

"दे. कारागीर आहेस, करशील." इनास सारंगीजवळ आला. "काडी तू न कळून जाळलीस, त्याचं काही नाही. पण हात गेले असं समजून मी आठ दिवस काढले. आणि तू ते काढू दिलेस."

मग त्यानं जाड तार अंगठ्यानं छेडली. खोल, भरलेला सूर निघाला आणि जमिनीतून सरकत गेला. म्हातारा आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्यानं पुन्हा छेडली, पुन्हा एकदा. अल्लाबक्षला तो सूर तळपायांतून वर चढताना कळत होता, पण मान वर करून इनासच्या तोंडाकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही.