बाजाराच्या दिवशी माईकवर

"आसेगावच्या गाड्यायहो, बैलाईले जरा पळवा! हिरोइन कवाची नटून बसली, तुमची वाट पाहून राह्यली!"

कर्ण्यातून मदनसिंगचा आवाज आला आणि तिकिटाच्या रांगेतली माणसं मोठ्याने हसली. तंबूच्या मागच्या बाजूला इंद्रभान थांबला. आठ दिवस हिवतापात काढून तो आजच कामावर आला होता. मदनसिंग डोअरकीपर. त्याचं काम दारावर तिकिटं फाडायचं. माईक इंद्रभानचा होता, चार वर्षांपासून.

कारंज्याच्या पूनमचंदचा सिनेमाचा तंबू त्या हिवाळ्यात मंगरूळपीरला होता. खेळ अंधार पडल्यावर. त्याआधी तासभर रेकॉर्डी वाजत, त्या ऐकून आसपासच्या गावांतून गाड्या जुंपल्या जात. हा तास इंद्रभानचा. तरुणपणी तो अकोल्याच्या एका गायनवर्गात तंबोरे लावायला होता. गळा साथ देईना म्हणून ते सुटलं. माईकवर तो आधी रागाचं नाव सांगे, मग गवयाचं, मग मावळतीचा मारवा लावी. लोक त्याला 'बुवा' म्हणत. रांगेतून हमखास कुणीतरी ओरडे, "बुवा, कोन मेलं आज?"

आणि हे हसणं वेगळं होतं. इंद्रभानने ते नीट ऐकून घेतलं. बायकाही हसत होत्या.

तंबूत शिरताच पूनमचंदने त्याला बसायला सांगितलं.

"तब्येत कशी हाय?"

"ठीक हाय शेठ. आजपासून बसतो मी."

"बस ना. पन बाजाराच्या दिवशी मदनसिंगाले बसू दे. गर्दी त्याच दिवशी राह्यते, अन् तुह्या गान्यानं बैलबी जांभया देते."

बाजाराचा दिवस गेला म्हणजे उरलेल्या सहा दिवसांत ऐकायला कोण? दाराजवळची कुत्री.

बाजाराच्या दिवशी दुपारी मदनसिंग त्याच्याकडे आला. "बुवा, रेकाडीचं मशीन एकडाव पुन्ना दाखवा ना. माह्या हातून काही बिघडू नाई."

इंद्रभानने दाखवलं. रेकॉर्डच्या दर बाजूला नवी सुई. वापरलेली सुई वाटीत टाकायची, पुन्हा लावायची नाही. घासलेली सुई रेकॉर्ड खरवडते. सगळं त्याने बरोबर सांगितलं. मदनसिंग पाणी प्यायला गेला, तेव्हा इंद्रभानने वाटीतल्या सुया नव्या सुयांच्या डबीत ओतल्या आणि डबी हलवली. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नव्हता.

पूनमचंदने अकोल्याहून नवीन आणलेलं सिनेमाचं गाणं लोकांनी त्या संध्याकाळी पाचदा मागितलं. पाचव्यांदा ते खरखरलं, अडकलं, एकाच शब्दावर फिरत राहिलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. इंद्रभान पडद्यामागे उभा राहून त्या ऐकत होता. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागल्यासारखं वाटलं.

पूनमचंद संतापला. "तुले सांगतलं नाई का सुई बदलाची?"

"बदलत व्हतो शेठ," मदनसिंग म्हणाला. "घाईत एखांदी राह्यली असंन. चूक माहीच."

माईक पुन्हा आठवड्याचे सातही दिवस इंद्रभानचा झाला. पुढच्या बाजाराला तो लवकर आला. मारवा लावला. रांगेतून आरोळी आली, "मदनसिंगाले बलवा रे!" ती त्याने सोसली असती. पण तेवढ्यात मदनसिंग दारावरून आला आणि मशीनजवळ उकिडवा बसला.

"बुवा, एक सांगा. तुमी शिकवलं तसंच केलं मी. मंग कुठं चुकलं? आठ दिवस झाले, डोक्यातून जाऊन नाई राह्यलं."

इंद्रभानने रेकॉर्ड थांबवली. पूनमचंद तिकिटाच्या टेबलावरून वळून पाहू लागला.

"तुह्यं काही चुकलं नाई," इंद्रभान म्हणाला. "घासेल सुया म्याच मिसळल्या डबीत."

"म्हनजे नवी रेकाड तू खराब केली?" पूनमचंद उठून जवळ आला.

"हो शेठ."

मदनसिंग उठून उभा राहिला. "काहून बुवा?"

"तू बोलला का लोक खुशीनं हासते. माह्यावर हासत व्हते."

पूनमचंदने दाराकडे बोट केलं. "तिकिटं फाड जा. आज दारावर दुसरा मानूस नाई म्हनून ठेवतो."

इंद्रभान दारावर गेला. मदनसिंग माईकवर बसला, पण पहिलं वाक्य बोलायला त्याला वेळ लागला. मग बोलला, आणि रांग हसली. ते हसणं इंद्रभानला आत्ताही सललं. कबूल केल्याने तेवढं काही कमी झालं नव्हतं.

आसेगावची हिरीबाई दोन सुना घेऊन आली. "बरं झालं बापा, तो रडका बुवा गेला. हा कोन हाय?"

"मदनसिंग."

"चांगला बोलते."

"हो. चांगला बोलते," इंद्रभान म्हणाला. "बाई, पुढं तंबूची दोरी हाय. पाय जपून टाका."

ती दोन पावलं जाऊन थांबली, वळली. "तुमचा आवाज ओयखीचा वाटते."

"असंन," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाच्या तिकिटासाठी हात पुढे केला.