भाकरीला मुकलेला तवा

मी एक जुना लोखंडी तवा आहे आणि विमलाबाईंना मी माफ केलेलं नाही. सुरुवातीलाच असं बोलू नये म्हणतात. पण मित्रांनो, पोटात राग ठेवून गोड गोड सांगणं मला जमायचं नाही.

खोपटला एसटी डेपोच्या मागे घिसाड्यांची पालं पडायची. तिथे घणाखाली माझा जन्म झाला. विमलाबाई तेव्हा नुकत्याच गावाहून जवळच्या चाळीत राहायला आल्या होत्या. त्यांनी मला वाजवून पारखलं आणि घरी आणलं. मला वाटलं, आता रोज टम्म फुगलेली भाकरी! पण त्यांनी माझ्यावर तंबाखूची पानं टाकली, काळी होईपर्यंत भाजली आणि चुरून डबीत भरली. झाली दातांना लावायची मशेरी. दुसऱ्या तव्याला शेगडीचा मान मिळाला, मला मोरीतला खिळा. मशेरीच्या तव्यावरची भाकरी खाल्ली तर गरगरतं, असं त्या म्हणायच्या.

तरी माझं कौतुक व्हायचं. मशेरीने हिरड्या घट्ट होतात, दात किडत नाहीत, असं अख्खी चाळ सांगायची. विमलाबाईंचे दात तर या वयातही सुपारी फोडतील. त्या दातांचा मला फार राग येतो.

पुढे मालन सून होऊन आली. एकदा तिची दाढ ठणकायला लागली.

"डॉक्टर कशाला? चिमूटभर मशेरी लाव," विमलाबाई म्हणाल्या.

ठणका थांबला, पण मशेरी सुटली नाही. सकाळी लागायची, मग दुपारी, मग उठता-बसता. चाळ गेली, टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत घर झालं, तरी माझ्यावरचा धूर काही थांबला नाही. गेल्या वर्षी मालनच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. त्याची जखम झाली आणि ती भरेचना. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि तिचा अर्धा जबडा काढला.

"मी जन्मभर लावते, माझं कुठे काय बिघडलं? तिचं नशीबच फुटकं," विमलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या. मालनच्या मुलाने, सुदेशने, मला भंगारात काढलं. करून गेला गाव आणि माझं नाव! मालननेच मला परत आणून खिळ्याला अडकवलं. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

परवा सुदेशच्या बायकोचा, कृतिकाचा दात दुखायला लागला. बिचारी गाल धरून बसली होती. विमलाबाईंनी लगेच तंबाखूची पानं बाहेर काढली.

"मालन, तो तवा तापव गं. पोरगी कळवळतेय."

मालनने मला खिळ्यावरून काढलं. आता ही पोरही मशेरीला लागणार, म्हणून मी धास्तावलो. पण तिने पानं खरकट्याच्या बादलीत बुडवली. मग विटेच्या तुकड्याने मला घासलं, तापवलं, पुन्हा घासलं. माझी जन्माची काजळी निघाली. मग तिने भाकरी थापली आणि माझ्यावर टाकली. मित्रांनो, ती फुगली! मालनने ती विमलाबाईंच्या ताटात वाढली.

"अगं, मशेरीच्या तव्यावरची? गरगरेल मला."

ऑपरेशनपासून मालनचे शब्द तोंडातच अडखळतात. ती सावकाश बोलली, "तव्याचं एवढं भ्या वाटतं, आणि मशेरी माझ्या तोंडात घालताना नाही वाटलं? खा आई. तुमचे दात चांगले आहेत."

विमलाबाईंनी तुकडा मोडला. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. मी शेगडीवरून ते डोळे भरून पाहिलं.

कृतिका उठली. "मम्मी, मी डेंटिस्टकडे जाऊन येते," म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

दात दुखला तर तुम्हीही तिच्यासारखेच निघा. आणि 'आमचं कुठे काय बिघडलं' असं कुणी म्हणालं, तर ज्याचं बिघडलं त्याच्या ताटात आधी डोकावून या.

आता माझ्यावर रोज भाकरी होते. पहिली विमलाबाईंना वाढतात. त्या चावत असतात आणि समोर मालन वाटीतली पातळ पेज पीत बसते, त्यांच्याकडे बघत.