मोहाच्या रानातला भोंगा

वाघ फिरताना दिसला की गावातल्या प्रत्येक फोनवर भोंगा वाजायचा. निदान वाजावा अशी योजना होती. चंद्रपूरच्या एका कंपनीने ते ॲप बनवलं होतं आणि वन समितीने नियम केला होता, की मोहाची फुलं वेचायला जंगलात शिरायचं तर फोनमध्ये ते चालू हवं. नियम चांगल्यासाठीच होता, त्यात वाद नाही. वाघाने माणसं नेलेली गावाने पाहिली होती.

मंगलीचं घोडं मात्र त्या भोंग्यापाशीच अडलं होतं. भोंगा वाजला की बाकीचे रस्त्याकडे पळायचे आणि ही जागच्या जागी खाली बसायची, कान गच्च दाबून, डोळे मिटून. कितीही हाका मारा, तिला उठताच यायचं नाही. लहानपणापासून ती अशीच. लग्नातल्या बँडच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नसे. चंद्रपूरच्या डॉक्टरने याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं होतं. गाव ‘येडी मंगली’ म्हणून मोकळं झालं होतं. येडी म्हणणाऱ्यांपेक्षा तिची टोपली रोज आधी भरायची, ते सोडा.

मागच्या आठवड्यात भोंगा वाजला तेव्हा तिची आत्या सुकरी तिला टाकून पळाली नाही. हातात कुऱ्हाड धरून ती मंगलीच्या शेजारी उभी राहिली आणि सगळ्या देवांना साकडं घालत राहिली. वाघ नदीपलीकडे होता. तरी संध्याकाळी समितीचे अध्यक्ष गुणवंतराव घरी आले आणि म्हणाले, यंदा मंगलीने जंगलात येऊ नये, तिच्याच भल्यासाठी.

म्हणे भल्यासाठी! मंगलीची आई गेली तेव्हा मागे दोन मोहाची झाडं राहिली होती. त्या गावात झाडं वाटलेली असतात. ज्याच्या घरचे वेचत आले त्यानेच वेचायचं. पण एक हंगाम सोडला की झाडाखालचा पाला दुसराच कोणी झाडून घेतो, आणि पुढच्या वर्षी झाड त्याचं होऊन बसतं. हे मंगलीला ठाऊक होतं आणि गुणवंतरावांनाही ठाऊक होतं.

सुकरीने भोंग्याचा विषय समितीपुढे लावून धरला आणि कंपनीच्या माणसाला गावात बोलवायला लावलं. अजय नावाचा इंजिनियर आला. पोरगा वाईट नव्हता. समाजमंदिरात सगळे जमल्यावर त्याने सांगितलं, की ॲपमध्ये ‘शांत सूचना’ अशी सोय आहे. भोंगा न वाजता फोन नुसता थरथरतो. मंगली सावरून बसली. मग तो म्हणाला, त्यासाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, नाहीतर सगळेच भोंगा बंद करतील आणि एखाद्याचा जीव जाईल.

त्या सर्टिफिकेटसाठी मंगली एकदा दवाखान्यात गेली होती. तिथे लाऊडस्पीकरवरून नावं पुकारत होते. ती दारातूनच परत फिरली, आणि पुन्हा तिथे पाय ठेवायचा नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. सभेत कधी तोंड न उघडणारी मंगली उभी राहिली.

“मले कमी ऐकू येत नाई, साहेब. जास्त येते. जास्तीचा कागद कोण देते?”

 मोठा आवाज का लागतो हे दाखवावं म्हणून अजय सगळ्यांच्या फोनवर चाचणीचा भोंगा वाजवतो म्हणाला, आणि मंगलीने तेवढा वेळ बाहेर थांबावं असं त्याने नम्रपणे सुचवलं. ती हलली नाही. आपल्याला उठवून बाहेर काढायचं आणि आपल्याविषयी आत ठरवायचं, हे आता ती होऊ देणार नव्हती. त्याने बटण दाबलं.

समाजमंदिर खच्चून भरलेलं. पण खणखणीत भोंगा वाजला तो एकच, मंगलीच्या कमरेच्या पिशवीतला. ती गुडघ्यांवर कोसळली. सुकरीने पिशवी ओढून दाराबाहेर भिरकावली. मग बाकीचे फोन ऐकू आले. नुसती घुंघुं चालली होती. गुणवंतरावांच्या खिशात तर भोपळ्याच्या तुंब्यात माशी अडकल्यासारखा आवाज होत होता.

अजयने त्यांचा फोन हातात घेतला. आवाजाच्या भोकांत मधमाश्यांचं मेण ठासून भरलं होतं. पुढे बसलेल्या पत्रूच्या फोनमध्ये मेण, सोमारीच्या फोनमध्येही मेण. नदीपलीकडच्या वाघालाही भोंगा वाजतो, वासरू दावं तोडतं, लेकरू दचकतं, अशी कारणं हळूहळू बाहेर आली. जो तो समजत होता की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली. इतके दिवस जंगलात सगळे पळत होते ते मंगलीच्या फोनचा भोंगा ऐकून. अख्ख्या गावात नियम पाळणारी एकटी मंगली होती, आणि जंगल बंद झालं तेही तिलाच.

ती उठली तेव्हा तोंड घामाने आणि आसवांनी ओलं होतं.  अजय तिच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की तिच्या फोनपुरती शांत सूचना तो कागदाशिवाय चालू करून देईल, फक्त कुणाला सांगू नये.

“मले एकटीले चोरून नोको देऊ,” मंगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “सगळ्यायच्या फोनमंधी टाक. कोणाले भोंगा पायजे, कोणाले थरथर पायजे, ज्याचं त्याले ठरवू दे. वाघ कुठी आहे ते फोनवर साफ लिहून येऊ दे. अन् कागद मागू नोको.”

कंपनी ऐकेल का, हे अजयला सांगता येईना. आपण भांडू, एवढंच तो बोलला. सभा पांगली. नियम मोडला की राहिला, हे ठरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गुणवंतराव जंगलाच्या वाटेवर उभे होते, येणाऱ्याचा फोन तपासत. मंगली टोपली घेऊन आली, मागे सुकरी. गुणवंतरावांनी सवयीने हात पुढे केला. मंगली म्हणाली, फोन घरी आहे, शांत सूचना येईपर्यंत तो घरीच राहील. गुणवंतरावांनी हात मागे घेतला, पण वाट सोडली नाही.

“अन् वाघ आला तं?”

“तं तुमी माह्या झाडाखाली या,” मंगली म्हणाली, “अन् मले हळूच सांगा.”

ती त्यांच्या बाजूने वाट काढून पुढे गेली. मोह रात्रभर गळला होता, झाडाखालची जमीन पिवळी झाली होती. ती वाकली आणि वेचू लागली.